तारेचा पिंजरा

प्रिय मुंगी,

चाळीस वर्षांत मी तुला पत्र लिहिल्याचं आठवत नाही. लिहिणार तरी कशाला? तू रोज दुपारी एक वाजता डबा घेऊन समोर बसायचीस. मला बोलायचं असलं की मी बोलायचे, आणि तुला बोलायचं असलं तरी मीच बोलायचे. आता महिना झाला, तू छापखान्याच्या कॅन्टीनकडे फिरकली नाहीस. म्हणून कागद घेतलाय. खोडाखोड दिसली तर हसू नकोस. जन्मभर दुसऱ्यांच्या मुद्रितांवर लाल खुणा केल्या, स्वतःचं लिहायला बसले की हात अडतो.

आधी बातमी. धाकटीनं काल पहिली शिकार केली. मी कॅन्टीनच्या आपल्या खिडकीत होते. समोर विमा कंपनीच्या इमारतीच्या बाराव्या मजल्यावर तिची आई, आपली मालकीण, कठड्याला पाठ करून बसली होती. कारकून नेहमीसारखा कुठेतरी राबायला गेलेला. (बहिरी ससाण्याच्या नराला तू हे नाव दिलंस तेव्हा आमच्या हिशेबनिसानं आठवडाभर तुझ्याशी अबोला धरला होता, आठवतं?) धाकटी अँटेनावरून सुटली, कबुतरांच्या थव्यात शिरली, पहिल्या झेपेला फजिती झाली, दुसऱ्या झेपेला नाही. पिसं खाली रस्त्यावर येईपर्यंत मी टेबलावर मूठ आपटत होते. शेजारच्या टेबलावरचा यंत्रचालक म्हणाला, "बाई, संप झाला का?" मी वळून तुला सांगायला गेले, तर खुर्ची रिकामी.

तिथे मला पहिल्यांदा कळलं की बातमी कळण्यापेक्षा ती कुणाला सांगता येते यालाच जास्त किंमत असते. तुझ्या बाबतीत मात्र मी याची दुसरी बाजू भोगलीय, तुझी बातमी दुसऱ्यांकडून कळण्याची, आणि आज तेच लिहायचं आहे. तुला ठाऊक आहे, मी सरळ बोलते. कामगारांच्या सभेत उभी राहिले की व्यवस्थापनाच्या तोंडावर सांगते, तुम्ही चोर आहात. मग स्वतःला चोर म्हणायला एक महिना का लागावा?

सुरुवात कुठून झाली तेही सांगते. विमा कंपनीनं इमारत रंगवायला काढली होती, ऐन अंड्यांच्या दिवसांत. आपण दोघी त्यांच्या अधिकाऱ्यांना भेटायला गेलो. मी चाळीस मिनिटं बोलले. काय नव्हतं त्या भाषणात! शहर कुणाचं, आकाश कुणाचं, मालमत्तेचा हक्क कुठे संपतो, सगळं. समोर पाच दगड बसले होते. मग तू पिशवीतून एक्स-रे काढलास आणि उठून खिडकीच्या काचेला धरलास. आदल्या वर्षी काचेवर आपटून बेशुद्ध पडलेल्या मालकिणीचा तो एक्स-रे होता, पोटात गोल, पांढरं अंडं. तू एवढंच म्हणालीस, "हे असं असतं." मोठे साहेब जवळ आले, चष्मा वर केला, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "रंग दोन महिन्यांनी देऊ." दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नाव माझं, फोटो माझा. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. त्या साहेबांनी मात्र जाताना चहासाठी तुला थांबवलं होतं, मला नाही. मी दारात उभी राहून ते बघितलं आणि आतून जळले. मी सात वाक्यांत जे सांगू शकत नाही ते तू तीन शब्दांत सांगतेस, याचा मला राग येतो. कौतुक नव्हे, राग. वाचलेली सगळी पुस्तकं त्या एका काळ्या फिल्मपुढे फिकी पडली.

तरीही तोवर ठीक होतं. कारण बातमी आधी माझ्याकडे यायची. इस्पितळातलं एक्स-रेचं काम संपलं की तू प्राणी बचाव केंद्रात जायचीस, आणि दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर मला ते सगळं मिळायचं: पतंगाच्या मांज्यात अडकलेला बगळा, गटारात पडलेलं कासव, एक्स-रेच्या टेबलावर घुबडाला तू सवयीनं "श्वास रोखा, हलू नका" म्हणालीस आणि ते खरंच हललं नाही. तू बातमी आणायचीस, मी तिचं भाषण करायचे. मला वाटायचं, हा आपला संसार आहे. मग तुझा तो फोनवरचा ग्रुप निघाला. आता तू लिहितेस, "वटवाघूळ सुखरूप," आणि ते दोनशे बारा लोकांना एकाच क्षणी कळतं. त्यात मी एकशे सदतिसावी की काय ती. अंगठे आणि बदाम यांचा पाऊस पडतो. मी एकही बदाम कधी पाठवला नाही, तुझ्या लक्षात आलं होतं का?

आणि शिडीवाला. अग्निशमन दलातला तो उंच, मान खाली घालून बोलणारा माणूस. उंचावर अडकलेलं काहीही काढायला तू त्याला बोलावतेस. माणूस भला आहे, हे मी मान्य करते, आणि म्हणूनच तो मला अधिक सहन होत नाही. महिन्यापूर्वीच्या त्या सोमवारी संध्याकाळी तो मला कोपऱ्यावर भेटला. म्हणाला, "काय कमाल केली हो तुमच्या मैत्रिणीनं! घारीच्या पिल्लाला घरट्यात परत ठेवलं, मी शिडी धरली, त्या वर." मी म्हटलं, कधी? तो म्हणाला, "अहो, शुक्रवारी. तुम्हाला माहीत नाही? मला वाटलं तुम्हाला सगळ्यात आधी सांगितलं असेल." त्याच्या मनात काही नव्हतं. पण ते वाक्य मी घरी नेलं, त्याच्यासोबत जेवले आणि त्याच्याच शेजारी झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातची पाळी माझी होती. पिल्लं पहिल्यांदा उडतात त्या आठवड्यात आपण इमारतीखाली पाळीनं उभ्या राहतो ती. मी पावणेसातलाच पोचले. धाकटी सायकलींच्या शेडवर, पत्र्यावर बसली होती. दमलेली, पण धड. डोळे लख्ख, दोन्ही पंख सारखे मिटलेले. मालकीण वरून ओरडत होती, म्हणजे तिला पिल्लू दिसत होतं. काय करायचं ते मला पाठ होतं: मुंगीला फोन, मग तासभर लांब उभं राहायचं, आणि उचलायचीच वेळ आली तर पुठ्ठ्याच्या खोक्यात. मी फोन हातात घेतलाही. आणि मनात आलं, ही बातमी माझी असू दे. एकदा तरी मुंगीला दुसऱ्यांकडून कळू दे.

पुढचं तुला अर्धं माहीत आहे. इमारतीमागच्या तुझ्या सामानाच्या खोलीची किल्ली दाराच्या चौकटीवर असते. खोकी घडी करून ठेवलेली, चिकटपट्टी कुठे सापडेना. मांजरांसाठीचा तारेचा पिंजरा समोरच होता, तयार. आणि त्याच्याच वर भिंतीला तुझी सूचना. तिचं मुद्रित मीच तपासलं होतं, मुंगी. "शिकारी पक्ष्यासाठी तारेचा पिंजरा वापरू नये" असं तू लिहिलं होतंस. मी त्यात "कदापि" घातला होता, वाक्याला जोर नव्हता म्हणून. त्या कदापिखालून मी पिंजरा उचलला.

शेडला टेकवलेल्या एका सायकलवर चढून मी धाकटीवर शाल टाकली. गाडीत पिंजरा मांडीवर होता. तिनं पंख उघडले की ते तारांतून बाहेर यायचे, आणि ती मागे ओढायची. कोणी दारामागे कागद फाडत असावं तसा आवाज. केंद्रापर्यंत अकरा मिनिटांचा रस्ता. मी चालकाला थांबवू शकले असते, शाल पिंजऱ्यावर टाकून अंधार करू शकले असते. मी काय करत होते? वार्ताहराला फोन. तो केंद्राच्या फाटकावर आमच्या आधी हजर होता, आणि मी पिंजरा उंच धरून हसले.

उजव्या पंखाची तीन लांब पिसं, डाव्याची दोन. पाचही मधोमध मोडलेली. डॉक्टर म्हणाले, नवी पिसं येईपर्यंत वर्ष लागेल, तोवर आई-बाप हिला विसरतील. मग तू आलीस, तुझ्या त्या पाकिटांच्या पेटीसकट. नऊ वर्षं तू त्या इमारतीच्या गच्चीवरून मालकिणीची गळालेली पिसं वेचत होतीस. एकेक पीस वेगळ्या पाकिटात, वर साल, उजवं की डावं, कितवं. मी तुला त्यावरून किती चिडवलं होतं, आता जुन्या चपलाही जमव म्हणून. त्या दुपारी तू बांबूची बारीक काडी मोडक्या पिसाच्या पोकळीत घातलीस आणि आईचं पीस लेकीच्या पंखाला जोडलंस. पाच पिसं, सव्वाचार तास. शिडीवाल्यानं पक्ष्याचं डोकं कापडात धरलं होतं. मी भिंतीशी उभी होते. मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण खरं सांगते, तिच्याहून मोठं काहीतरी होतं. मला वाटत होतं, ते कापड माझ्या हातात का नाही?

मग केंद्राच्या स्वयंसेवकांची सभा झाली. वर्तमानपत्रातला फोटो टेबलावर ठेवलेला, पिंजरा स्पष्ट दिसतोय. औषधवाल्या काकांनी विचारलं, "हा पिंजरा यांना दिला कुणी?" काकांच्या डोक्यातही आलं नाही की मी न विचारता घेतला असेल, इतका माझ्या शब्दाला मान. मी तोंड उघडणार तेवढ्यात तू म्हणालीस, "माझ्या खोलीतला आहे. मीच दिला." आणि माझ्याकडे एकदा पाहिलंस. मी चष्मा शोधायला पर्समध्ये डोकं घातलं. चष्मा डोळ्यांवर होता. पन्नास सभा गाजवलेली बाई त्या सभेत सव्वा तास गप्प बसली. तू त्याच दिवशी स्वयंसेवकांचं प्रमुखपद सोडलंस, खोलीची किल्ली दिलीस, लोक मदतीसाठी ज्यावर कळवतात तो केंद्राचा फोनही दिलास. बारा दिवसांनी धाकटीला गच्चीवरून सोडलं तेव्हा कारकुनानं तिला चाळीस मिनिटांत घास आणून दिला. तेव्हाही तू लोकांच्या मागे उभी होतीस. मी ते खिडकीतून पाहिलं. वर यायचं धैर्य नव्हतं.

तो फोन आता काकांकडे आहे. दुपारी झोपताना ते बंद करून ठेवतात. परवा एका घराच्या गॅलरीत जखमी घुबड तीन तास पडून होतं, त्या घरातली बाई नंबर फिरवत राहिली. काका सज्जन आहेत, पण हे काम त्यांचं नव्हे. माझंही नव्हे. ते तुझं आहे, हे वाक्यसुद्धा मी दोनदा खोडून लिहिलंय.

आणि माझंही नव्हे हे का लिहिलं, ते आता ऐक. शनिवारी पाच वाजता नवा प्रमुख निवडायचा आहे आणि काकांनी माझं नाव सुचवलंय. मी नाही म्हटलं नाही. उलट भाषण तयार केलं, चांगलं झालंय. मंगळवारी आरशासमोर म्हणून बघत होते आणि मध्येच लक्षात आलं की मी तुझ्या आवाजात बोलतेय, छोटी छोटी वाक्यं. तिथे थांबले. शनिवारी मी उठून सांगणार आहे की पिंजरा मी घेतला, फोन मुद्दाम केला नाही, आणि तू खोटं बोललीस ते माझ्यासाठी. तुझं काम तुला परत द्या, असं मागणार आहे. पण मी तुला ओळखते. तू मागच्या रांगेतून उठशील आणि हळूच म्हणशील, "तसं नाही हो, चूक दोघींची होती." आणि मी स्वतःलाही ओळखते. तू एवढं म्हणालीस की मी पटकन खाली बसेन, सुटल्यासारखा श्वास घेईन, दोघींची चूक मान्य करेन, आणि लोक मला प्रमुख करतील. मी होईनही. हे पत्र क्षमेसाठी नाही. ती तू न मागता देतेस, तेच तर मला सोसत नाही. माझी मागणी एकच आहे. शनिवारी ये, समोर बस, आणि मी कितीही अडखळले तरी मला वाचवू नकोस.

तुझीच, अजून जळणारी,
भोंगा