आत्याची खरी तिथी

मिरजोळे,
वैशाख शुद्ध दशमी, शके १८५६

प्रिय चिमाक्का,

मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की तुझी आई चैत्र वद्य द्वादशीला सकाळी गेली. ते खोटं आहे. आत्या आदल्या दिवशी, एकादशीला, गुरांचं दूध काढायच्या वेळी गेली. तिच्या तोंडात तुळशीचं पाणी मीच घातलं, ते ओठांच्या कडेने परत आलं. ते पत्र लिहिताना आप्पा माझ्या मागे उभे होते. तू बाळंतीण, तुला येता आलं नाही, म्हणून माझं पत्र हेच तुझं सगळं. जावईबापू द्वादशी धरून पान वाढतील, हे मनात आलं की मला अन्न जात नाही.

आत्याने मला मृत्युपत्र लिहायला बसवलं होतं, ते तुला ठाऊकच आहे. तिच्या वडिलांनी तिला दिलेली कलमांची बाग तुझ्या नावे. भिकाजी गुरव आणि शाळेचे मास्तर यांनी साक्षी घातल्या. घरात शाळेत गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कागद झाला म्हणजे काम झालं असं मला वाटलं. त्याच आठवड्यात तिने आप्पांना मुखत्यारपत्र दिलं, कारण सारा भरायला, आंबा द्यायला बाईमाणूस कचेरीत कुठे जाणार. त्यात ‘विकणे, गहाण टाकणे’ असंही होतं. मी ते दोनदा वाचून दाखवलं. ती हसली. म्हणाली, ‘भावाला दिलंय गो. तो काय मला विकणार?’

एकादशीला ती गेली आणि मी ओरडणार, तेवढ्यात आप्पांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. महिपत शेटला बाग देण्याचं त्यांनी आधीच ठरवलेलं होतं, खरेदीखत तयार होतं, त्याच दिवशी रत्नागिरीच्या कचेरीत ते नोंदवायचं होतं. ते अगदी शांतपणे बोलले, ‘मुखत्यारपत्र माणसाच्या श्वासाबरोबर संपतं. तिचा श्वास अजून आहे. ती उद्या जाईल.’ मग आंघोळ करून, उपास म्हणून वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी जेवून गेले. चिमाक्का, आत मढं होतं आणि त्यांनी आमटी परत मागितली! आईने वाढली. महिपत शेटला हे ठाऊक होतं की नाही ते मी पाहिलेलं नाही, म्हणून त्याच्याबद्दल काही लिहीत नाही.

दिवसभर आई पंखा घेऊन माश्या वारत बसली. शेजारच्या गंगाकाकूला ऐकू जावं म्हणून मध्येच मोठ्याने म्हणायची, ‘वन्सं, घोटभर पेज घ्या हो.’ मला पेजेची वाटी घेऊन आत जायला लावलं आणि रिकामी करून बाहेर आणायला लावलं. ती पेज मी मागल्या दारी ओतली, तिथे कुत्रं चाटत होतं. चैत्रातला उकाडा तुला माहीत आहे. खोलीत कापूर, उदबत्त्या आणि त्याखाली तो दुसरा वास. तो अजून माझ्या पदराला येतो. मी लुगडं चारदा धुतलं.

आप्पा दिवेलागणीला आले, पाय धुतले, देवाला नमस्कार केला. आजची तारीख नको म्हणून रात्रही तशीच काढली. उजाडल्यावर त्यांनी कौलांकडे बघत सांगितलं, ‘आता रडा.’ आणि आई लगेच रडली. मोठ्याने, सूर धरून.

न्हाऊ घालताना गंगाकाकू म्हणाली, ‘ही तर लाकूड झालीय गो, आत्ता गेली म्हणता?’ आई म्हणाली, ‘म्हातारं माणूस, अंगात रक्त कुठलं?’ मला रडू येईना. तेव्हा काकूने टोमणा मारला, ‘शिकलेली पोर. हिच्या पुस्तकात रडायचं लिहिलेलं नसेल.’ वर सगळ्या हळहळल्या, बिचारीची एकादशी एका दिवसाने हुकली! सोन्यासारखं मरण आलं होतं तिला, अक्का. तेसुद्धा तिच्या भावाने काढून घेतलं.

आता हे का लिहिते ते सांगते. बाग गेली ती माझ्या लग्नासाठी. खेडच्या त्या कारकुनाच्या घरी हुंडा पोचला आहे आणि माझ्या हातात नव्या पाटल्या आहेत. मी त्या काढते, आई पुन्हा घालते. म्हणते, ‘तुझंच भलं केलं गो त्यांनी.’ मृत्युपत्राचा कागद मी या पत्राबरोबर पाठवते आहे, जपून ठेव. जावईबापूंना वकील बघायला सांग आणि प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून खरं ठरवून घ्यायचा, अर्ज कर. कोर्टात ते म्हणतील, बाग आत्या जिवंत असतानाच विकली गेली, मग मृत्युपत्रात उरलं काय? त्याला उत्तर एवढंच आहे की ती तेव्हा जिवंत नव्हती, आणि ते सांगणारी मी एकटी. आप्पा माझे वडील आहेत हे मला कळतं. हे कोर्टात सांगितल्यावर हे घर मला आत घेणार नाही, तेही कळतं. पावसाआधीची शेवटची आगबोट मला मिळाली तर तुझ्या दारात येईन. नाही म्हणालीस तरी राग धरणार नाही. मास्तरांनी बरोबर यायचं कबूल केलं आहे. रत्नागिरीला मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे शपथेवर जबानी लिहून देणार आहे, आत्याच्या महिन्याच्या खऱ्या तिथीला. येत्या वैशाख वद्य एकादशीला, बुधवारी.

तुझीच,
मथुरा