तुझ्या डेकला कुणी हात लावला?

प्रिय भुंगे,

तुझी कॅसेट पोचली. पोचून बरेच दिवस झाले, आणि तू टपालवाल्याची वाट बघून कंटाळली असशील, हेही मला माहीत आहे. कंटाळ. उत्तराची कॅसेट मी भरलेली नाही. आज कागद-पेन घेऊन बसलेय आणि पोटात जे जे दुखतंय ते सगळं लिहून मोकळी होणार आहे. तुला राग आला तर येऊ दे. मला आलाय तो काय मी एकटीनंच सांभाळायचा?

आधी त्या फोटोबद्दल बोलू. कॅसेटच्या डबीत घडी घालून तो पाठवायची काय गरज होती गं? मागे लिहिलंयस, ‘आमचा ग्रुप’. आमचा! दातांचा दवाखाना, बाहेरच्या खोलीत पेशंट बसतात त्या बाकांवर ओळीनं कॅसेटचे डेक मांडलेले, आणि त्यांच्याभोवती मोठी मोठी माणसं शाळेच्या सहलीला आल्यासारखी खूश. मधोमध तू. आणि तुझ्या खांद्याला खांदा लावून ती तुझी दंतवैद्यबाई. कपाळावर दिवा बांधलाय, दात तपासायचा इवलासा आरसा तुझ्या डेकच्या तोंडात घातलाय, आणि तू अशी कौतुकानं वाकून बघतेयस की जणू लेकराचा पहिला दात दिसला. मी तो फोटो फ्रिजवर लावला. मग काढला. मग परत लावला, पण ती बाई चुंबकाखाली झाकली जाईल असा. आमचे हे म्हणाले, अगं, तिचं तोंड का झाकलंस? मी म्हटलं, दातांची डॉक्टर आहे, तोंड झाकूनच काम करतात ते लोक.

आणि कॅसेटची दुसरी बाजू! आपला रिवाज काय? पहिल्या बाजूला गाणी, दुसरीला गप्पा. तू गप्पा मारल्यास की तिची आरती केलीस? डॉक्टरीण म्हणते हेड पुसायला स्पिरिट असंच हवं, डॉक्टरीण म्हणते कॅसेट उभी ठेवावी, आडवी ठेवू नये, डॉक्टरिणीकडे परदेशातून मागवलेली एक खास कॅसेट आहे आणि ती लावून ती सगळ्यांचे डेक तपासून देते. माझ्या गुडघ्याची चौकशी तू केलीस ती अगदी शेवटी, आणि ‘गुडघा कसा’ इतकं म्हणेस्तोवर फीत संपली. खट्. मी तो खट् आवाज ऐकून बसून राहिले. बरा आहे गुडघा. विचारल्याबद्दल आभार.

सगळ्यात जास्त कुठे झोंबलं सांगू? आमचा जावई मला नेहमी चिडवतो की सासूबाई, सगळ्या जगाची गाणी या फोनमध्ये मावतात, तुम्ही कॅसेटनी ते फडताळ कशाला अडवलंय? त्याला मी एकदा सुनावलं होतं आणि नंतर तुला कॅसेटवर सांगितलं होतं, की बाबा रे, तू एक तरी गाणं शेवटपर्यंत ऐकतोस का? अंगठा सारखा पुढे पुढे. कॅसेटमध्ये नावडतं गाणंही ऐकावं लागतं, म्हणून तर एक दिवस ते आवडायला लागतं. आणि कुणीतरी आपल्यासाठी अख्खी दुपार बटणावर बोट ठेवून बसलं होतं, हे त्या फितीत कळतं. आता तू मला काय ऐकवतेस? ‘डॉक्टरीण किती छान म्हणते बघ, कॅसेटमध्ये कुणाची तरी दुपार असते.’ अगं भवाने, ते वाक्य माझं आहे! तूच तिला सांगितलं असशील आणि तिच्या तोंडून ऐकल्यावर तुला नवीन वाटलं. माझ्या वाक्याला माझ्याच घरी पाहुणं म्हणून पाठवतेस होय?

तिला कुणीतरी सांगा की आम्ही बोर्डावर शेजारी शेजारी बसत होतो, तेव्हा ही बाई दुधाच्या दातांची असेल. टेलिफोनच्या त्या लांबलचक खोलीत, डाव्या कानाला हेडफोन, हातात वायरी, आणि उजव्या कानानं एकमेकींशी कुजबुज. लाइन जोडता जोडता तू गुणगुणायचीस म्हणून सुपरवायझरनं तुला भुंगी केलं, आणि मी त्याला उलट बोलले म्हणून मला मिरची. डेकही आपण एकदम घेतले. ते दुकान बंद होत होतं, शेवटचे दोन उरले होते, एकाच कंपनीचे, आणि आपण काचेवर नाकं दाबून ठरवलं होतं की घ्यायचे तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. मग तुझी बदली निघाली. तू रडलीस, मी बदलीच्या साहेबाला शिव्या दिल्या, आणि दोघींना एकच घोर, की आता कॅसेट इकडून तिकडे पाठवायच्या तर त्या नीट वाजतील का.

त्या रविवारी तू तुझा डेक चादरीत बांधून माझ्याकडे आणलास. फीत ज्याच्यावरून सरकते ते हेड नखभर जरी तिरकं असलं, तरी दुसऱ्याच्या डेकवर ती कॅसेट गोधडीत गुंडाळल्यासारखी वाजते, वरचे सूर पार बुडतात. एवढं आपल्याला कळत होतं. सरळ म्हणजे नेमकं कुठे, हे मात्र दोघींना ठाऊक नव्हतं. मग काय, माझ्या डेकवर भरलेली कॅसेट तुझ्यात घातली, ह्यांचा घड्याळाचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला, आणि आवाज खुलेपर्यंत हेडजवळचा तो बारीक स्क्रू फिरवत बसलो. खुलला तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास. स्क्रू हलू नये म्हणून दोन्ही डेकांवर माझ्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. पुढे एक मेकॅनिक घरी आला, डोकावून म्हणाला, बाई, तुमचं हेड तिरकं बसलंय, सरळ करून देतो. मी डेकसमोर हात आडवा धरला. म्हटलं, तिरकं आहे ते असू दे, तिथे आणखी एक डेक आहे, तोही असाच तिरका आहे. त्याला वाटलं बाईच तिरकी आहे. पण ते सरळ केलं असतं तर तुझी प्रत्येक कॅसेट माझ्यासाठी मुकी झाली असती. अख्खं फडताळ.

आता ऐक काय झालं ते. तुझी कॅसेट लावली. आवाज बसलेला. गाणी ओळखू येतात, पण अंगावर शाल घेऊन गातायत. म्हटलं धूळ असेल. कापसाच्या बोळ्यानं हेड पुसलं, रबरी रोलर पुसला, बेल्ट काढून परत बसवला. काही फरक नाही. आणि दुसऱ्या बाजूला तू म्हणतेस, ‘मिरचे, गप्प बस आणि ऐक, माझ्या गॅलरीतल्या कुंडीत एका चिमुकल्या पक्ष्यानं घर केलंय, बघ कसा गातोय.’ मी गप्प बसले. ऐकलं. नुसती शांतता, लांबून एक गाडी, आणि मग तू हसतेस. मागे घेऊन परत लावलं. परत शांतता, गाडी, तुझं हसू. पक्षी नाही. कितीदा लावलं ते विचारू नकोस. तू कुणासाठी हसतेयस तेच मला कळेना.

मग तो फोटो आठवला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. आरसा! कपाळावरचा दिवा! परदेशातली खास कॅसेट! त्या सटवीनं तुझं हेड सरळ करून दिलं होतं. आपला लाल ठिपका खरवडून तिनं स्क्रू फिरवला, आणि तू फिरवू दिलास. आता तुझा डेक तिच्या डेकशी जुळतो, तिच्या त्या साऱ्या गोतावळ्याशी जुळतो, आणि माझ्याशी जुळत नाही. मी ह्यांना सांगायला गेले तर पेपरमागून म्हणाले, तुम्हा दोघींच्या भांडणात मी कान घालत नाही, मागे एकदा घातला होता. सवत आली की बाई काय करते ते मी केलं. खोलीचं दार लावून घेतलं आणि ढसाढसा रडले. हो, रडले. या वयात, एका स्क्रूपायी. हसायचं तर हस.

रडून झाल्यावर ब्लेड घेतलं. म्हटलं, तू बदललीस ना, मग मीही बदलते. माझ्या डेकवरचा लाल ठिपका खरवडला आणि स्क्रू फिरवत सुटले, तुझा तो नवा सरळपणा कुठे सापडतो ते शोधायला. इकडे फिरवला, तिकडे फिरवला. आवाज आणखी बसायचा, जरासा वर यायचा, पण खुलायचा म्हणून नाही. पक्षी काही येईना. दंतवैद्यबाईला आणखी शिव्या घातल्या, म्हटलं असं कसं मेलीनं बसवलंय की कुठेच लागत नाही. शेवटी हार मानून आपली एक जुनी कॅसेट लावली, तुझ्या पहिल्या वर्षातली, जिच्यात तू नव्या ऑफिसातल्या प्रत्येकाची नक्कल केली होतीस. तीही गोधडीत. दुसरी लावली. तीही. आधी स्क्रू कुठे होता ते आता मला माहीत नव्हतं, खूण मीच पुसली होती. त्यानंतर मी डेकवर टॉवेल टाकला आणि तुला मनातल्या मनात इतकं बोलले की समोर असतीस तर तोंड लपवायला जागा पुरली नसती. तुझा फोन आला तोही घेतला नाही. बाथरूममध्ये होते असं ह्यांना सांगायला लावलं. खोटं होतं ते. शेजारीच उभी होते.

मग गेल्या आठवड्यात ह्यांना ताप आला. मी थर्मामीटर काखेत लावला आणि तो वाजायची वाट बघत बसले. हे म्हणाले, अगं काढ की, केव्हाचा वाजतोय. मी म्हटलं, कुठे वाजला? तापात भास होतायत तुम्हाला. आमचं चांगलंच जुंपलं. शेवटी त्यांनी तो माझ्या डाव्या कानाशी धरला, मग उजव्या, आणि दोन्ही वेळा मी ‘नाही’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी तापातून उठून मला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. काचेच्या लहानशा खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. इतकी वर्षं हेडफोन लावून बसलेली मी, मला वाटलं यात काय मोठं. सुरुवातीला भराभर दाबलं. मग बराच वेळ काही आलंच नाही, म्हणून मी काचेतून खूण केली की मशीन बंद पडलंय. डॉक्टरांनी मान हलवली. मशीन चालू होतं. भुंगे, माझे वरचे सूर गेलेत, डावीकडचे जास्त, आणि ते परत येणार नाहीत. बोलणं कळायला यंत्र मिळेल, पण डॉक्टर म्हणतात की मी सांगतेय तसला बारीक आवाज त्यातूनही येईल याची खात्री नाही. म्हणजे तुझ्या कॅसेटमध्ये पक्षी आहे. तू त्यालाच हसत होतीस. तुझ्या डेकला कुणी हात लावला असेल किंवा नसेल, माझ्या डेकला मात्र मीच लावला, आणि आता आपली ती जागा मला ऐकून शोधता येणार नाही, कारण ती सापडली तरी मला कळायची नाही. म्हणून हे लिहितेय. तू ये. फडताळातल्या कुठल्याही कॅसेटमध्ये आपला तिरकेपणा अजून आहे, तो ज्याचे कान धड आहेत त्याला सापडेल. तू ऐकशील आणि ‘खुललं’ म्हणशील तेच मी खरं धरीन. नंतर माझ्यासमोर बसून तो पक्षी कसा गातो ते मला सांग, हळू सांग, बोलणं अजून कळतं मला. दंतवैद्यबाईला सोबत आणायची असेल तर आण, कपाळावरच्या दिव्यासकट आण, उजेड लागेलच. चहा करीन, तोंडही वाकडं करणार नाही. फक्त स्क्रू तिला फिरवू देऊ नकोस. तो तू फिरव.

अजूनही जळणारी, तुझीच,
मिरची