खालची जागा

चेन्नई

ती. आईस भार्गवीचा नमस्कार.

फोनवर बोलताना अण्णा शेजारीच असतात, म्हणून चिठ्ठी लिहून आपल्या गल्लीतल्या राहतचाचांबरोबर पाठवतेय. ते आज सोलापूरला निघालेत.

अण्णा बरे आहेत. डॉक्टरच म्हणाले, आता घरी न्या. जेवतात, पण इडलीला लई कंटाळलेत. तुझा गुडघा कसा आहे?

परतीची तिकिटं काढतेय. बाथरूमजवळची जागा नको, दाराजवळची नको, डब्याच्या मधोमध खालची मिळाली तर बरं. पण तुला माहीत आहे की, खालची मिळाली तरी अण्णा कधी ठेवत नाहीत. येतानाही एका आजींना दिली आणि एवढं दुखत असताना स्वतः वर चढले. मी रागावले, तर म्हणाले, "म्हातारं माणूस वर कसं चढंल गं?"

आज त्यांनीच जवळ बोलावलं. म्हणाले, "खालचीच घे. आन् कुणी मागितली तर तू न्हाय म्हण. मला म्हणवायचं न्हाय."

मी हो म्हटलं आणि बाहेर जाऊन बसले.

आई, धाकट्या आशिषला सांगून त्यांची खाट माडीवरून खाली आणून ठेव. ते आल्यावर विचारत बसू नकोस.

वेळेवर जेवत जा.

तुझी,
भार्गवी