वाळूवर गाडी आडवी घालताना

जिल्हेज १
मुसल्लमचा मस्कतहून फोन. दहाला, ईदला येतो म्हणाला. गाडी विकायची आणि मला तिकडे सातव्या मजल्यावर न्यायचं. सत्तरीच्या बाईला वाळूत गाडी आडवी घसरवणं शोभतं का, असं मलाच विचारतो. याच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा दवाखान्यापर्यंत गाडी मीच नेली. तेव्हा शोभलं.
ठरवलं. ईदला त्याच्यादेखत मोठ्या टेकडीच्या उतारावर गाडी अशी घसरवायची की पोराचं तोंड बंद. नाही आला तरी चालेल. मला काय.

जिल्हेज ३, असरच्या नमाजानंतर
टायरची हवा पंधरावर आणली. घसरू न देणारं बटण बंद केलं. जोरात घेतली, मागची बाजू फिरली, स्टिअरिंग उलटं मारलं. नव्वद टक्के जमलं. उरलेल्या दहात रुतली. वाळू खराब आहे.
शेजारच्या सुवेलिमने दोर लावून ओढली. म्हातारा उंटाचा, माणसाचा, चाकाचा, सगळा माग वाचतो. म्हणे, मुसल्लमच्या आई, घसरली कुठे, तुम्ही तर ऐनवेळी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढलात. म्हटलं, तुमचे उंट सांभाळा.

जिल्हेज ५
टायर रिंगमधून निसटला. हवा कमी असली की होतं, माझा दोष नाही. सुवेलिम म्हणाला, हवा नाही, उतावीळपणा.
त्याची बायको झुवेना कॉफीला आली. पोरगा नक्की येतोय ना, तिसऱ्यांदा विचारलं. म्हटलं, न येऊन जातो कुठे. खजूर मात्र बाईने मोजून खाल्ले नाहीत.

जिल्हेज ७
वारा. सराव नाही. घर दोनदा झाडलं. मुसल्लमची उशी उन्हात टाकली. किडे होतात म्हणून.

जिल्हेज ९
सकाळी जमलं. पूर्ण. पाय काढला नाही. टेकडीच्या खांद्यावरून खालपर्यंत गाडी आडवीच्या आडवी, एका दमात, वाळू छपरापर्यंत उडालेली. उतारावर चाकांच्या मागाची नव्या चंद्रासारखी कोर उमटली.
बघायला कोणी नव्हतं. सुवेलिम ईदच्या बाजारात. हरकत नाही, माग आहे ना. उद्या मुसल्लम वाचेल. बापाने शिकवलंय त्याला.
फोनला रेंज टेकडीवरच, म्हणून पुन्हा वर गेले. त्याचाच आला. त्याच्या धाकट्या मुलीला ताप, रजा कमी, ईद तिकडेच करतात. आणि गाडीचं? राहू दे म्हणाला, घाई नाही.
गाडी वाचली. म्हणजे मीच जिंकले.

जिल्हेज १०
ईद. सुवेलिम अरसियाचं, ईदच्या घोटलेल्या भात-मटणाचं पातेलं घेऊन आला. टेकडीवरूनच आला होता. म्हणाला, अशी घसरवलेली गाडी चाळीस वर्षांत पाहिली नाही. म्हटलं, आता तरी मानलंत.
मग म्हणाला, पण नंतर वर बराच वेळ उभ्या होतात. म्हटलं, टायर बघत होते.
म्हाताऱ्याने पातेल्यावरचं झाकण सारखं केलं. म्हणाला, गाडी पाठीमागे होती. पावलं मस्कतहून येणाऱ्या डांबरी रस्त्याकडे तोंड करून. टाचा चांगल्या खोल गेल्यात.
अरसियात मीठ कमी होतं. दोन ताटं काढली होती, एक परत ठेवलं.
संध्याकाळी वारा सुटेल. सगळं पुसलं जाईल.