सोफ्याचा रंग ठरेना

राहनाळ

प्रिय माधवी,

चारदा फोन हातात घेतला आणि ठेवला. तुझं ‘हॅलो आई’ ऐकलं की मी भाजीपाल्यावर जाते आणि सांगायचं ते राहतं, म्हणून लिहायला बसले. तू पडघ्याला माहेरी, भावाकडे राहायला गेल्यापासून आपलं बोलणं तरी काय उरलंय? जेवलीस का, ड्युटी संपली का.

तर मी हॉलसाठी नवा सोफा घ्यायचं काढलं. हे म्हणाले, “कोन येतंय आपल्याकडं बसायला?” मी ऐकलं नाही. पण दुकानात गेल्यावर रंगच ठरेना. गडद निळं कापड हातात घेतलं तर वाटलं, शेजारच्या कापडाच्या लूमची रुई उडून येते, ती पिठासारखी दिसेल. बदामी घ्यावा तर गोडाऊनच्या ट्रकांची धूळ. दुकानदार म्हणाला, “चाची, ग्रे ले लो, कुछ नहीं दिखेगा.” मला ग्रे बघूनच दवाखान्यात बसल्यासारखं झालं. शेवटी चॉकलेटी सांगून आले. सकाळी फोन करून मरून सांगितला, दुपारी तोही नको म्हटलं. विशालचे निम्मे शर्ट त्या रंगाचे होते, तुला ठाऊक आहे. दुकानदार बिचारा म्हणाला, “चाची, कपडा कटने वाला है, अब फायनल बोलो.” मी ‘दोन दिवस थांब’ म्हटलं.

मग कापडाचे तुकडे घरी आणले. एकेक भिंतीला लावून लांब जाऊन बघायचे. हातातलं काम टाकून पुन्हा उठायचे. दोनदा भात लागला. कुठलाही तुकडा लावला तरी नजर वर विशालच्या फोटोवरच जायची. त्याला जाऊन तीन वर्षं झाली, तरी आपल्या हॉलमध्ये शिरणारं माणूस आधी त्या हाराकडे बघतं, मग तुला शोधतं, आणि आवाज खाली करतं. तू तर चहाचा ट्रे ठेवून तशीच आत वळायचीस.

मागच्या आठवड्यात ह्यांनी स्टूल घेतलं, फोटो उतरवला, पंच्याने पुसला आणि आतल्या खोलीत आमच्या पलंगाशेजारी लावला. मी खूप बोलले त्यांना. जेवलेही नाही. हे एवढंच म्हणाले, “आपला पोरगा हाय, आपल्याजवळ ऱ्हाऊ दे. सगल्यांनी कशाला त्याचा भार उचलायचा?” मी रिकाम्या भिंतीसमोर बसून राहिले. मग दुकानात फोन केला आणि हिरवा सांगितला. कैरीसारखा हिरवा.

आता हे सगळं कशापायी, ते सांगते. मागच्या महिन्यात हे पडघ्याच्या बाजाराला आले होते. स्टँडजवळच्या टपरीवर तू त्यांना दिसलीस. सोबत एक मुलगा होता, हातात हेल्मेट घेतलेला. हे तुला हाक न मारता परत आले. पाणी प्यायले आणि म्हणाले, “माधवी हसत व्हती.” तुझं हसणं आम्ही दोघंही विसरलो होतो गं. दुसऱ्याच दिवशी मी सोफ्याचं काढलं. खोटं कशाला बोलू. तुझं चांगलं व्हावं असं वाटतं, आणि त्याच घटकेला वाटतं, ही आता आपली राहणार नाही. तू आम्हाला सांगायला घाबरत असशील, म्हणूनच आपले फोन आटले असतील, असंही वाटतं. घाबरू नकोस. त्याचं नाव-गाव मला माहीत नाही, आणि कदाचित तसं काही नसेलही. मग एकटीच ये. पण असलं, तर तुझ्या भावाच्या घरी बोलणी होण्याआधी त्याला इथे आण. त्याला बघण्याचा पहिला मान आमचा. सोफा काल आला. त्यावरचं प्लास्टिक मी काढलेलं नाही आणि ह्यांनाही बसू दिलेलं नाही. हे बाहेर ओट्यावर पेपर वाचतायत.

तुझीच,
आई