दहाव्याच्या दिवशी ग्राऊंड

प्रिय आत्याबाई,

तुमची नात पोलीस झाली! ट्रेनिंग संपलं, सोमवारपासून नांदेडच्या ठाण्यात ड्युटी. आज शीतल वर्दी घालून अंगणात उभी राहिली. तुमच्या फोटोपुढं उभं राहून सांगितलं असतं, पण पेढ्याला आलेली माणसं घरात मावेनात. म्हणून लिहायला बसले. चौथी शिकलेली सून आहे, चुका काढू नका. जिवंतपणी काढल्या तेवढ्या पुरे.

गोळाफेकीला गोळा नव्हता, तेव्हा वरवंटा कुणी दिला? तुम्हीच! "इकत कशाला आणायचा? ह्यो फेक." पोरगी वावरात फेकायची अन तुम्ही बांधावरून ओरडायच्या, "जेवली न्हाईस का गं? आनखी लांब!" मग मी मिक्सरात चटणी केली, की नावं मलाच. हा कुठला न्याय?

आणि जायची एवढी घाई काय होती? भरतीच्या ग्राऊंडची तारीख नेमकी तुमच्या दहाव्याला आली.

भावजी म्हणाले, "वहिनी, सुतकात पोरगी पळायला जाणार? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू द्या. तिच्या वाटणीचं सुतक मी धरते."

पहाटेच्या एसटीनं तिला नांदेडला धाडलं अन आम्ही नदीवर आलो.

तर पिंडाला कावळा शिवेना! समोर लिंबावर बसलेला, पण खाली येईना. नणंदबाई हात जोडून म्हणाल्या, "आई, तुझ्या पाटल्यांवरून आम्ही भांडणार न्हाई." कावळा हललासुद्धा नाही. त्यालाही खरं वाटलं नसणार!

भावजी माझ्यावर घसरले. "नातीनं सुतक मोडलं, म्हणून आई रुसली. फोन लावा, पोरीला माघारी बोलवा." खरं सांगू? मीही घाबरले होते. मग डोकंच फिरलं.

"आत्याबाई," मी ओरडले, "पोरगी तिकडं तुमच्याच जिवावर पळायलीय. मी माघारी बोलवणार न्हाई. तिला पोलीस करणार! यायचं तर या, न्हाई तर बसा तिथंच!"

आलात की! भात सोडून भजं उचललं अन भुर्रकन गेलात. भावजींचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण तोवर आम्हाला उन्हात कशाला ताटकळत ठेवलं? माझ्या शिव्या ऐकल्याशिवाय करमत नव्हतं का?

आज मामंजी खुर्चीतून उठले अन नातीला म्हणाले, "रामराम साहेब." ती लाजून लाल. "आबा, बसा हो!" तुम्ही पाहिजे होतात.

परवा उदगीरचं स्थळ आलं होतं. पोराची आई म्हणाली, "लग्नानंतर नोकरी कशाला? घरचं काय कमी हाय?"

मी म्हणाले, "चहा प्या अन निघा. दुपारची गाडी सापडंल." शीतल आतून खुदकन हसली.

नदीवर तुम्हाला अर्धाच शब्द दिला होता. उरलेला आज देते. तिचं लग्न उशिरा होऊ दे, नाही झालं तरी चालेल. पण तिच्या मर्जीवाचून ती वर्दी खुंटीला लागणार नाही.

तुमची तोंडाळ सून,
कमल