फुलपात्रावरची तारीख

केशवापूर, हुबळी
१४ नोव्हेंबर २०२४

ती. पल्लवीअक्का,

साष्टांग नमस्कार. ‘इकडे सगळे मजेत’ असं लिहायची हाताला सवय लागलीय. आत्ताही लिहिलं होतं, खोडलं आणि नवा कागद घेतला.

आत्याबाईंचा, म्हणजे तुमच्या आईचा, पाचवा किमो मंगळवारी झाला. खोकला कमी आहे. केस गेले, पण तुम्ही पाठवलेला सुती रुमाल डोक्याला बांधून त्या गॅलरीत बसतात आणि खालच्या भाजीवालीशी कन्नडात घासाघीस करतात. दवाखान्याच्या दिवशी तुमचे भाऊ संजीव आपलं दाजीबानपेठेतलं दुकान उघडतच नाहीत. भार्गवी पहिलीत रमलीय.

हे सगळं तुम्हाला फोनवर कळतंच. पत्राचं कारण वेगळं. सोबत तुमची दिवाळीची साडी आहे, घडी न मोडलेली. रंग आवडला नाही असं समजू नका. मोरपिशी मला फार आवडतो, आरशासमोर तीनदा अंगावर धरून बघितली. पण तिच्याबरोबर तुमची चिठ्ठी होती: “तू सून नाहीस, आईची दुसरी लेक आहेस. त्या फुलपात्राचं ऐकून डोळे भरून आले.” ती वाचली आणि साडी नेसायचा धीर झाला नाही.

त्या फुलपात्राचंच सांगायचंय.

जूनमध्ये डॉक्टरांना आधी क्षयाचा संशय होता, दोन महिने त्याच गोळ्या चालल्या. घरात लहान मूल, म्हणून मी आत्याबाईंचं ताट-भांडं वेगळं ठेवलं. ते कोणीही करतं. पण आपल्याकडची फुलपात्रं सगळी एकसारखी, घासताना मिसळायची. म्हणून भांड्यांच्या दुकानातून एक नवीन घेतलं आणि त्यावर नाव घालायला सांगितलं. दुकानदाराने विचारलं, “कन्नडदाग बरीला, मराठी?” मी म्हटलं, मराठीत. त्याने ‘कुसुमावती’ असं घातलं आणि लग्नामुंजीच्या भांड्यांवर घालतात तशी खाली तारीखही घातली. मी सांगितली नव्हती.

घरी आणलं तो दिवस नेमका नागपंचमीचा. आत्याबाई सणाच्या लाडवांच्या उंड्या वळत होत्या. हात पुसून त्यांनी फुलपात्र घेतलं, नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “ह्या घरातल्या सगळ्या भांड्यांवर तुझ्या सासऱ्यांचं नाव आहे बघ. माझं कुणी घातलंच नव्हतं गं.” सणाची भेट समजल्या त्या. मी तसंच समजू दिलं. मग शेजारी, दुकानात, तुम्हाला फोनवर, सगळीकडे सुनेचं कौतुक. मीही मान खाली घालून ऐकत राहिले, लाजल्यासारखी.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, क्षयाची भीती होती, त्यात काय एवढं. तुम्ही असं म्हणावं अशाच बेताने मी वरचं सगळं लिहिलंय. पण पुढच्या रविवारी तुम्ही येणार, फुलपात्र हातात घेणार, तारीख वाचणार. नऊ ऑगस्ट. क्षय नाही, फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, हा रिपोर्ट आला तीन ऑगस्टला. मी न विचारताच डॉक्टर म्हणाले होते, “इदु हरडो रोग अल्लरी.” एकाचा दुसऱ्याला लागणारा रोग नाही, एवढं कन्नड मला समजतं. मी “हौद्री” म्हणून मान हलवली, आणि सहा दिवसांनी जाऊन नाव घालून आणलं.

डॉक्टरांचं पटलं नव्हतं असं नाही. पण त्या खोकल्या की माझ्या अंगावर काटा यायचा. क्षय होता तोवर भांडं वेगळं ठेवायला कारण होतं. ते गेलं, म्हणून मी नावाचं कारण काढलं.

हे मी कुणालाही सांगितलं नसतं. पण तिसऱ्या किमोनंतर त्यांचं पाणी पिणंच कमी झालं. चक्कर येऊन पडल्या, दोन दिवस सलाईन लावावं लागलं, ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा भाग्यलक्ष्मी सिस्टरने मला बाजूला घेतलं. ह्या औषधाने तोंडाला धातूची चव येते, स्टीलमधलं पाणी कडू लागतं, काचेच्या ग्लासातून द्या, म्हणाली. मी ग्लास आणला. आत्याबाईंनी तो परत केला. “असू दे की. इतक्या हौसेने नाव घालून दिलीस, तुला वाईट वाटेल.” दिवाळीभर त्या ते कडू पाणी घोट घोट पीत होत्या, माझं मन राखायला.

गेल्या बुधवारी दुपारी त्यांच्या पलंगाशी बसून मी सगळं सांगितलं. तारखेसकट. त्या खिडकीकडे बघत होत्या. तिकडेच बघत त्यांनी एवढंच विचारलं, “भार्गवीला माझ्याकडे झोपू देत नाहीस, ते पण त्याच्यासाठीच काय?” मी हो म्हटलं.

“बरं. काचेचा दे मग.”

दोन ग्लास पाणी प्यायल्या. आता भरपूर पितात, सिस्टर खूश आहे. पण अक्का, त्या दिवसापासून त्या आपला ग्लास आपणच विसळतात. भिंतीला धरून मोरीपर्यंत जातात आणि ग्लास खिडकीत पालथा ठेवतात, आमच्या भांड्यांपासून लांब. काल भार्गवी धावत गळ्यात पडायला गेली, तर पदर तोंडावर घेतला आणि म्हणाल्या, “लांबून बोल बाळ, आई रागावेल.” मी पाया पडून सांगितलं, हा रोग लागत नाही. “होय की, माहीत आहे मला,” म्हणाल्या. त्यांच्यासमोर त्यांच्या ग्लासातलं उरलेलं पाणी प्यायले. “आता कशाला गं,” एवढंच बोलल्या, आणि ग्लास परत विसळायला उठल्या.

माझी लाज माझ्यापाशी राहील, ती तुम्ही कमी करू नका. पण त्यांच्या हातून तो ग्लास घ्या. तुमचं त्या ऐकतील. भार्गवीला तुम्ही स्वतः त्यांच्या मांडीवर बसवा, मी स्वयंपाकघरातच थांबेन.

दुसरी लेक म्हणालात, ते मनातून काढून टाका.

तुमच्या आईची सून,
रेश्मा